वनवासाला मुदत होती

१७ मे २०२५ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर 'गन्स एन रोझेस' या अमेरिकी रॉक बँडचा कार्यक्रम झाला. या बँडचा पहिला अल्बम १९८७ साली बाजारात आला, तेव्हा जे तरुण अकरावी-बारावीच्या वर्गात होते ते आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची मुलेच आता त्या वयाची झाली आहेत. तरीही हा श्रोतृवर्ग तिकिटे काढतो, तासन् तास उभा राहतो, तीच जुनी गाणी तोंडपाठ म्हणतो आणि त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : नवा अल्बम केव्हा?

ज्या घरांत हे संगीत ऐकले जात नाही, तेथे हा प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. गिटारांचा कल्लोळ, लांब केस, मंचावरचा थयथयाट आणि मंचामागची व्यसने, एवढेच या प्रकाराचे चित्र सर्वसामान्य मध्यमवर्गीयाच्या डोळ्यांसमोर असते. ते अगदीच खोटे आहे असेही नाही. या बँडमधील मंडळींचे आयुष्य मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु येथे प्रश्न त्यांच्या आयुष्याचा नाही, त्यांची वाट पाहणाऱ्यांचा आहे. एखाद्या कलावंतावर लक्षावधी माणसे जीव लावतात, तो काहीतरी देईन म्हणतो आणि वर्षांमागून वर्षे ती माणसे त्या शब्दावर विसंबून राहतात, तेव्हा त्या शब्दाचे मोल काय, हा विचार रॉक संगीतापुरता राहत नाही. 'चायनीज डेमॉक्रसी' नावाच्या अल्बमची कथा या दृष्टीने मुळातून समजून घेण्याजोगी आहे.

'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' हा १९८७ चा पहिला अल्बम जगभर सुमारे तीन कोटी प्रतींपर्यंत पोहोचला. १७ सप्टेंबर १९९१ रोजी 'यूज युवर इल्यूजन' या नावाचे दोन स्वतंत्र अल्बम एकाच दिवशी निघाले. त्यांच्यासाठी अमेरिकेत अनेक दुकाने मध्यरात्री उघडी ठेवण्यात आली आणि बाहेर रांगा लागल्या. पहिल्याच आठवड्यात एकाच्या सुमारे ६ लाख ८५ हजार आणि दुसऱ्याच्या सुमारे ७ लाख ७० हजार प्रती संपल्या. १९९३ च्या २३ नोव्हेंबरला इतरांची जुनी गाणी गायलेला एक अल्बम आला. पुढच्या वर्षापासून नव्या अल्बमच्या हालचाली सुरू झाल्या आणि तेथूनच सारे फिसकटत गेले. गिटारवादक स्लॅश १९९६ मध्ये बाहेर पडला, डफ मॅकेगन १९९७ मध्ये गेला. इझी स्ट्रॅडलिन तर १९९१ मध्येच निघून गेला होता. उरला तो गायक अ‍ॅक्सल रोझ. बँडच्या नावाचा हक्क त्याच्याकडे होता. थोडक्यात, घराची पाटी तीच, पण आतली माणसे बहुतेक नवी, अशी अवस्था झाली.

रोझपाशी त्या वेळी काय नव्हते? पैसा होता, नाव होते, गेफनसारखी मातब्बर ध्वनिमुद्रण कंपनी पाठीशी होती आणि 'घाई करा' असे ठणकावून सांगणारा कोणी सहकारी उरला नव्हता. कंपनीने त्याला काम पुढे रेटण्यासाठी दहा लाख डॉलर दिले आणि मार्च १९९९ पर्यंत अल्बम हातात पडल्यास आणखी दहा लाख देऊ केले. तो मार्च आला आणि गेला. निर्माते बदलले, वादक बदलले, 'क्वीन' या बँडमुळे ख्यातकीर्त झालेला रॉय थॉमस बेकर आला आणि मुद्रित झालेले बरेच काही पुन्हा वाजवून घेतले गेले. बकेटहेड नावाचा एक गिटारवादक या काळात बँडमध्ये होता. चेहऱ्यावर मुखवटा आणि डोक्यावर तळलेल्या कोंबडीची रिकामी बादली, असा त्याचा वेष. त्याला वाजवताना मोकळे वाटावे म्हणून स्टुडिओत लाकडे आणि जाळी लावून चक्क कोंबड्यांचे खुराडे उभारण्यात आले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २००५ मध्ये या साऱ्याचा सविस्तर वृत्तांत छापला, तेव्हा खर्चाचा आकडा १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात गेला होता. २००१ च्या सुमारास तर केवळ महिन्याचा खर्च २ लाख ४४ हजार डॉलर होता. अखेर २००४ साली कंपनीने हात वर केले. मंजूर खर्चाची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे, आता काम पुरे करणे आणि त्याचा खर्च सोसणे ही रोझचीच जबाबदारी, असे तिने कळवून टाकले. वर रोझचा विरोध डावलून जुन्या गाण्यांचा संग्रह त्याच वर्षी बाजारात आणला. तो धडाक्याने खपला. लोकांची भूक संपलेली नव्हती याचा याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

या सर्व काळात चाहता काय करीत होता? तो वाट पाहत होता, आणि नुसता हातावर हात ठेवून नव्हे. कोठे एखाद्या गाण्याची कच्ची फीत फुटली, कोणत्या शहरात एखादे नवे गीत गायले गेले, याची तो बारीक नोंद ठेवीत होता. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघातील विख्यात खेळाडू माइक पियाझा याच्या हाती अप्रकाशित गाणे असलेली एक चकती लागली. कोट्यधीश खेळाडू, परंतु येथे तोही साधा चाहताच. ती चकती त्याने एडी ट्रंक या रेडिओ निवेदकाकडे नेली, गाणे वाजले आणि पाठोपाठ वकिलांची नोटीस आली. २००२ च्या ६ डिसेंबरला फिलाडेल्फियात सभागृह भरले होते, आधीच्या बँडचे वादन आटोपले होते, लोक गन्स एन रोझेसची वाट पाहत ताटकळले आणि उशिरा घोषणा झाली की कार्यक्रम रद्द. चिडलेल्या जमावाने खुर्च्या मोडल्या. मोडतोडीचे समर्थन करता येणार नाही. परंतु त्या एका रात्रीत पंधरा वर्षांचा अनुभव सामावलेला होता.

थट्टाही झालीच. 'द ऑफस्प्रिंग' या दुसऱ्या बँडने एप्रिल २००३ मध्ये जाहीर करून टाकले की आपल्या नव्या अल्बमला आपण हेच नाव देणार, झोपून राहणाऱ्याचे नुकसान होतेच! अर्थात तो एप्रिलफूलचा विनोद होता. आणखी एक विनोद वर्षानुवर्षे चालला : या अल्बमआधी चीनमध्ये खरोखरीची लोकशाही येईल. डिसेंबर २००६ मध्ये रोझने चाहत्यांना उघड पत्र लिहून ६ मार्च २००७ ही संभाव्य तारीख दिली. तीही पाळली गेली नाही.

आपल्या वाचकांना चौदा वर्षांच्या प्रतीक्षेची एकच कथा सर्वात जवळची आहे. अयोध्येनेही चौदा वर्षे वाट पाहिली. पण त्या वनवासाला मुदत होती. भरत नंदिग्रामात पादुका पुढे ठेवून राहिला, आणि मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या दिवशी श्रीराम दिसले नाहीत तर अग्निप्रवेश करीन, असे त्याने चित्रकूटावरच सांगून ठेवले होते. म्हणूनच परतीच्या वाटेवर हनुमंताला पुढे धाडून निरोप देण्याची निकड श्रीरामांना वाटली. वाट पाहणाऱ्याला तारीख ठाऊक होती आणि येणाऱ्यालाही वाट पाहणाऱ्याच्या जिवाची काळजी होती. १९९४ पासून २००८ पर्यंत या बँडच्या चाहत्यांनीही चौदा वर्षेच काढली. त्यांच्या वाट्याला मात्र मुदत आली नाही. ज्या तारखा आल्या त्या कोणी गांभीर्याने घेतल्या नाहीत, तारीख देणाऱ्यानेही नाही.

कलानिर्मितीला घड्याळ लावता येत नाही, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो वरवर पटणारा आहे. खरोखरीच एखादी कृती पिकायला वेळ लागतो आणि कच्चे फळ तोडण्यात अर्थ नसतो. परंतु आपल्याकडच्या संगीताचा इतिहास काही वेगळेही सांगतो. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. ज्यांच्या बैठका रात्र रात्र चालत, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी, हिराबाई बडोदेकरांनी, केसरबाई केरकरांनी त्या एवढ्याशा अवधीत राग मांडला आणि आजही त्या तबकड्या ऐकताना काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. गोव्यातील केरी गावच्या केसरबाईंची तशीच एक साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानातून अंतराळात धाडली गेली. ती मर्यादा त्यांनी आपणहून मागितली नव्हती, यंत्राने ती लादली होती. त्यांनी ती स्वीकारली आणि तिच्या आत जे साधायचे ते साधले. रोझपुढे अशी एकही भिंत नव्हती. एकेका गाण्यावर गिटारींचे थर चढत गेले, संगणकात साठत गेले, आणि कोणता थर शेवटचा हे ठरविण्याचे बळ मात्र कोणत्याही स्टुडिओत भाड्याने मिळत नाही.

२००८ उजाडले आणि शीतपेयांचा धंदा करणारी एक कंपनी या थट्टेत उतरली. 'डॉ. पेपर'ने मार्चमध्ये जाहीर केले की हा अल्बम याच वर्षात आला तर अमेरिकेतील प्रत्येक माणसाला आपण एक डबा फुकट पाजू, अपवाद फक्त दोघांचा : बँड सोडून गेलेले स्लॅश आणि बकेटहेड. कंपनीने मनातल्या मनात हिशेब केलाच असणार की हा प्रसंग काही येत नाही. पण तो आला! २३ नोव्हेंबर २००८ रोजी, आधीच्या अल्बमनंतर बरोबर पंधरा वर्षांनी, 'चायनीज डेमॉक्रसी' प्रकाशित झाला. फुकट डब्याच्या कुपनांसाठी एका दिवसाची मुदत देण्यात आली, मागणीचा लोंढा येताच कंपनीची यंत्रणा कोलमडली, मुदत वाढवावी लागली आणि बँडच्या वकिलाने वृत्तपत्रांत पानभर जाहीर माफी छापण्याची मागणी केली. चौदा वर्षे लोकांना तिष्ठत ठेवणाऱ्यांचा वकील दुसऱ्याला वचनभंगाबद्दल जाब विचारतो, हा प्रसंग कोणा विनोदी लेखकाला सुचला असता तर अतिशयोक्ती म्हणून संपादकाने खोडला असता.

त्याआधी उन्हाळ्यात नऊ गाणी फुटली होती. ती लोकांपुढे ठेवणाऱ्या एका तरुण चाहत्याला ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने अटक केली. पुढे त्याला दोन महिने घरातच स्थानबद्ध राहण्याची आणि वर्षभर देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. कायद्याने ते योग्यच झाले. दुसऱ्याची कृती परवानगीवाचून वाटणे ही चोरीच होय. पण एक विषाद मनात राहतोच. या सबंध प्रकरणात कोठडीचे तोंड पाहावे लागले ते ज्याला ही गाणी ऐकण्याची सर्वात जास्त घाई होती त्याला.

आणि अल्बम? चौदा गीते, सुमारे एकाहत्तर मिनिटे. अमेरिकेत तो विकण्याचा हक्क 'बेस्ट बाय' या एकाच दुकानसाखळीने घेतला आणि सुमारे तेरा लाख प्रती आगाऊ उचलल्या. पहिल्या आठवड्यात खपल्या २ लाख ६१ हजार. विक्रीच्या तक्त्यावर स्थान तिसरे. वाईट नव्हे, परंतु १९९१ च्या त्या मध्यरात्रीच्या रांगांशी त्याची तुलनाच होत नाही. रोझ प्रकाशनाच्या वेळी प्रसिद्धीला सामोराही गेला नाही. समीक्षक चक क्लोस्टरमन याने लिहिले की, हे संगीताचे परीक्षण करणे नव्हे, एकशिंग्या घोड्याचे परीक्षण करण्यासारखे आहे. त्याचे म्हणणे मार्मिक आहे. ज्या प्राण्याबद्दल वर्षानुवर्षे फक्त ऐकले, तो एक दिवस अंगणात येऊन उभा राहिला तर तो चांगला की वाईट हे कसे सांगणार? मनात वाढलेल्या अल्बमशी प्रत्यक्षातल्या अल्बमला सामना द्यावा लागला. त्यात काही गाणी निःसंशय उत्तम आहेत, रोझचा आवाज ठिकठिकाणी अंगावर काटा आणतो. तरीही १९९४ मध्ये अठरा वर्षांच्या असलेल्या श्रोत्याच्या हाती तो पडला तेव्हा तो श्रोता बत्तिशीत होता. ज्या वयाच्या कानांसाठी ते संगीत होते, ते वयच निघून गेले होते. हे नुकसान कोणत्याही फुकट डब्याने भरून येत नाही. मुंबईत तर प्रकाशनाच्या तिसऱ्याच रात्री २६ नोव्हेंबरचा हल्ला सुरू झाला. त्या आठवड्यात या शहरात कोणाचे चित्त गाण्यात असणार होते?

अल्बमच्या नावाबद्दलही काही सांगितले पाहिजे, कारण त्यात एक दुसरी, अधिक गंभीर प्रतीक्षा दडलेली आहे. हे नाव का, असे विचारल्यावर रोझने १९९९ मध्ये दिलेले उत्तर मोघम होते : चीनमध्ये लोकशाहीच्या चळवळी आहेत, ती आलेली पाहायला बरे वाटेल, शिवाय ते नाव ऐकायला आवडले. म्हणजे ज्या शब्दापायी १९८९ च्या जूनमध्ये बीजिंगच्या रस्त्यांवर रणगाडे आले, तो शब्द या कलावंताला कानाला गोड वाटला इतकेच. शीर्षकगीतात फालुन गाँगचा उल्लेख आहे. बीजिंगला तेवढे पुरे झाले. 'ग्लोबल टाइम्स' या साम्यवादी पक्षाच्या छत्राखालील पत्राने हा चीनवरचा विखारी हल्ला असल्याचा सूर लावला. परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते चिन कांग यांना पत्रकाराने विचारले, तेव्हा त्यांनी हे संगीत फार गोंगाटाचे असल्याने अनेकांना आवडत नाही असे सांगून, प्रश्न विचारणारा प्रौढ माणूस आहे ना, असा टोला हाणला. हे उत्तर हजरजबाबी खरे. मात्र सत्ताधीशांना गाण्याच्या नावाचीही धास्ती वाटावी, हे त्या हजरजबाबीपणाने झाकले जात नाही.

चीनमध्ये रॉक संगीताचे चाहते नव्हते असे थोडेच आहे? त्सुई च्येन या गायकाने १९८९ च्या मे महिन्यात तिआनमेन चौकातील विद्यार्थ्यांपुढे गाणी गायली. पुढे वर्षानुवर्षे राजधानीतील मोठ्या प्रेक्षागाराची दारे त्याला बंद राहिली, ती २००५ मध्ये उघडली. बीजिंगचा चाहताही वर्षानुवर्षे थांबलाच की. फरक इतकाच की, त्याचा गायक तयार होता आणि परवानगी नव्हती. अमेरिकेच्या चाहत्याला सारी मुभा होती, तयार नव्हता तो गायक. पहिल्याची प्रतीक्षा सत्तेने लादलेली, दुसऱ्याची लहरीने. पहिल्यात एक करारी तेज आहे. दुसरीकडे पाहून हसू येते आणि मग त्या हसण्याची थोडी लाजही वाटते, कारण वाट पाहणारा दोन्हीकडे तितकाच प्रामाणिक होता. अल्बम प्रकाशित झाला त्यानंतर पंधराच दिवसांनी, ८ डिसेंबर २००८ रोजी, लोकशाहीची मागणी करणाऱ्या 'सनद ०८' या निवेदनाच्या पायी लिऊ शियाओबो या लेखकाला चिनी पोलिसांनी उचलले. २००९ मध्ये त्यांना अकरा वर्षांची सजा झाली, २०१० मध्ये शांततेचे नोबेल जाहीर झाले आणि ते घेण्यासाठी रिकामी खुर्ची ठेवावी लागली. २०१७ च्या जुलैत बंदिवासातच त्यांनी प्राण सोडला. 'चीनमध्ये आधी लोकशाही येईल' हा जुना विनोद अशा रीतीने खोटा ठरला. अल्बम आला.

गन्स एन रोझेस भारतात प्रथम आला तो डिसेंबर २०१२ मध्ये. बंगळुरू, मुंबई आणि दिल्लीजवळ गुरगाव येथे कार्यक्रम झाले. पहिल्या अल्बममधील मंडळींपैकी मंचावर एकटा रोझ होता. ज्यांनी ऐन तारुण्यात भिंतीवर स्लॅशची उंच टोपीतली छबी लावली होती, त्यांनी तेवढ्यावर समाधान मानले. स्लॅश आणि मॅकेगन २०१६ मध्ये परतले, आणि आता एकत्र अल्बम येणार या आशेने सारे चक्र पुन्हा सुरू झाले. पुनर्मीलनानंतरची नऊ वर्षे मात्र पूर्ण अल्बमवाचून गेली. २०२१ मध्ये दोन गाणी आली, २०२३ मध्ये आणखी दोन. त्यांची मुळेही बहुतांशी त्याच चौदा वर्षांच्या स्टुडिओत होती, जुन्या कोठारातील धान्य पाखडून पुन्हा विकायला काढावे तशी. चाहत्यांनी तीही आनंदाने घेतली आणि पुढचे केव्हा, म्हणून विचारले.

या पुनर्मीलनानंतरच्या कार्यक्रमांत 'चायनीज डेमॉक्रसी'चे शीर्षकगीतही अधूनमधून वाजते. त्याच्या मुद्रणात स्लॅशचा एकही स्वर नव्हता, तो तेव्हा केव्हाच निघून गेला होता. आता त्यातील गिटार तोच वाजवतो. शीतपेयाचा फुकट डबा ज्या दोघांना नाकारला गेला होता, त्यांतला एक.